वाक्य संपेपर्यंत

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचं वाचन : दासबोध, दशक ४, समास १ – श्रवणभक्ती

नवविधा भक्तीतली पहिली भक्ती श्रवणाची. खरं सांगायचं तर मला ती नेहमीच सर्वांत सोपी वाटायची. कीर्तनाला गळा लागतो, आत्मनिवेदनाला तर सगळंच द्यावं लागतं. ऐकायला काय लागतं? कानात इअरफोन, निरूपण दीडपट वेगाने, ऑफिस येईपर्यंत एक समास ‘झाला’.

मागच्या श्रावणात हा समज मोडायला सुरुवात झाली, फक्त तेव्हा ते मला कळलं नाही.

आई साताऱ्याला एकटी असते. रोज रात्री आमचा फोन होतो. त्या दिवशी माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. ती म्हणाली, ‘‘आता रोजची पोथी वाचवत नाही रे.’’ मी म्हणालो, ‘‘छान, चालू ठेव.’’ ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘जेवलास का?’’

दिवाळीत घरी गेलो. दासबोधावर नेहमीसारखं ताजं फूल होतं, पण आतलं मोरपीस याच समासापाशी होतं. ‘‘इथेच का थांबलीस?’’ असं विचारलं, तर ती सहज म्हणाली, ‘‘सांगितलं होतं ना तुला, अक्षर दिसत नाही.’’ मोतीबिंदू होता. माझ्या आईला दिसेनासं झालं होतं, तिने ते मला सांगितलं होतं, आणि मी तिला शाबासकी दिली होती!

मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं की. पण वर्षानुवर्षं ‘रोजची पोथी’ या शब्दांनंतर ‘वाचते’ हाच शब्द येत आला होता. तो माझ्या मनाने आधीच भरून टाकला.

मन हे करतंच. १९७० साली रिचर्ड वॉरेन या शास्त्रज्ञाने एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या शब्दाचा एक आवाज कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना काही गाळलं आहे हे कळलंच नाही. नसलेला आवाज त्यांना चक्क ऐकू आला. वाचतानाही तसंच. डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जातो, आणि छोटे, अपेक्षित शब्द बरेचदा ओलांडून जातो. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. शेवटचा शब्द अर्थाला विसंगत आला, म्हणजे समजा ‘गरम पोळीवर त्याने मोजे वाढले’ असं काही, की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरीत ठळक फरक दिसायचा. शब्द येण्याआधीच मनाने त्याच्यासाठी जागा तयार करायला घेतलेली असते.

हे वाचताना मला ‘तर्कसंग्रह’ आठवला. वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात, असं तिथे सांगितलंय : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एक शब्द दुसऱ्याची वाट पाहतो, ती आकांक्षा. ‘आगीने शिंपतो’ म्हटलं की व्याकरण बरोबर असूनही अर्थ अडतो, कारण योग्यता नाही. आणि शब्द एकमेकांजवळ यायला हवेत, तो सन्निधी. आपल्या पूर्वजांनी मेंदूचं विज्ञान शोधलं होतं, असा दावा मी करणार नाही. पण ऐकणारा नुसता गोळा करत नाही, तो पुढच्या शब्दाची वाट पाहतो, हे त्यांनी नेमकं टिपलं होतं.

मग प्रश्न येतो : मन आपोआपच भरत असेल, तर माझा दोष काय?

मी यावर बरेच दिवस विचार केला. भरणं हा दोष नाही. ते नसतं तर गोंगाटात कुणाचं बोलणंच कळलं नसतं. दोष आहे तो आपण भरलेलं हेच समोरच्याचं बोलणं आहे, असं धरून चालण्यात. आकांक्षा म्हणजे वाट पाहणं. मी वाट पाहणंच सोडून दिलं होतं. त्यात आपली मराठी अशी की क्रियापद शेवटी आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर! जो आधीच कान काढून घेतो, त्याच्या हाती नेमका उलटा अर्थ लागतो.

या समासात समर्थ ऐकण्याच्या विषयांची केवढी मोठी यादी देतात. कर्म, उपासना, ज्ञान, योग, वैराग्य, व्रतं, तीर्थं... आणि शेवटी सांगतात की हे सगळं ऐकावं, पण त्यातलं सार शोधून घ्यावं आणि असार टाकून द्यावं. पूर्वी मला त्यातली निवडच दिसायची. आता क्रम दिसतो. आधी ऐकायचं, मग निवडायचं. मी ऐकण्याआधीच निवडत होतो, आईचंही आणि पोथीचंही. पाठ असलेली ओवी आली की मी ती वाचत नाही, स्वतःलाच पुन्हा ऐकवतो.

आईचं ऑपरेशन होईपर्यंत रोज रात्री मी तिला फोनवर एक समास वाचून दाखवायचो. ती मध्येच म्हणायची, ‘‘थांब, एक शब्द गाळलास.’’ मी मागे जाऊन पाहायचो. खरंच गाळलेला असायचा. डोळे तिचे गेले होते, वाचता मला येत नव्हतं.

आता तिला छान दिसतं, ती स्वतः वाचते. तरी रविवारचा समास मीच वाचायचा, असं आमचं ठरलंय.

आजचा संकल्प : आज घरातल्या एका माणसाचं एक वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू या. मग एक श्वास घेऊ, आणि नंतरच उत्तर देऊ.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥