न्यायाधीशाची खुर्ची रिकामी नाही

बस खाली. कोल्हापुरात मिरजकर तिकटीवर पोरं तुझाच व्हिडिओ बघत होती: ‘नराधमाला फाशीच!’ बलात्काराच्या त्या खटल्यात दोषारोप अजून निश्चित व्हायचेत, आणि तू मंगळवार पेठेत बसून निकाल देऊन मोकळा? वर पीडित मुलीच्या गल्लीचं नाव सांगितलंस. न्याय संहितेचं कलम 72 वाचलंयस का? पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

‘सर, लोकांना कळायला पाहिजे.’ पाहिजेच! न्यायाधीशावरही लोकांची नजर राहावी म्हणून तर एरवी कोर्टाचं दार उघडं असतं. पण तू त्या दारातनं आत कधी गेलास? कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाच्या फाटकावर वकिलाचा बाइट घ्यायचा आणि गाडीला किक मारायची, ही तुझी पत्रकारिता. उलटतपासणी कुणी ऐकायची, मी?

‘ब्लिट्झ’चं नाव ऐकलंयस? 1959 मध्ये नानावटी खटल्यात या साप्ताहिकानं आरोपीला नायक करून टाकलं. ज्यूरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. पुढं उच्च न्यायालयानं खुनाबद्दल जन्मठेप दिली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पाचच वर्षांनी त्याच साप्ताहिकाचे वार्ताहर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात उभे होते. मुंबईत न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापायला मनाई केली होती. नऊ न्यायाधीशांत एकटे हिदायतुल्ला मिरजकरांच्या बाजूनं राहिले. मला विचारशील तर तेच बरोबर होते. पण तू रोज फाशी वाटत सुटलास, तर उद्या तुझं तोंड बंद करायचा हुकूम निघाल्यावर तुझ्या बाजूनं कोण बोलेल?

2012 च्या सहारा निकालात सर्वोच्च न्यायालयानं मर्यादा घालून दिली आहे: खटल्याला खरोखरचा, मोठा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल, तरच बातमी काही काळ लांबवायची. असल्या हुकमाला कारण तूच पुरवतोयस, गड्या.

तो व्हिडिओ आत्ता माझ्यासमोर काढ. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो; कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यातलं काही छापू नकोस. बाकीच्या खटल्यांत वही घेऊन आत बस. सरतपासणीला दहा ओळी दिल्यास तर उलटतपासणीलाही दहा दे. तिथं कारण न देता कुणी दार लावून घेतलं, तर रीतसर अर्ज कर. वकील मी गाठून देतो. पण आधी बातमी लिहायला शीक.