दुसऱ्या अध्यायातला दीपक

दत्तभक्तहो, मार्गशीर्षात आपण श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाला बसतो. दुसऱ्या अध्यायात दीपकाची कथा येते. गुरू वेदधर्म काशीत कुष्ठी आणि आंधळे झाले. दीपकाने 21 वर्षं त्यांची सेवा केली. जखमा धुतल्या, भिक्षा आणली, वर बोलणीही खाल्ली.

ही कथा मी कितीदा वाचली, हिशेब नाही. पण वडील रुग्णालयात अंथरुणाला खिळले, कपडे खराब झाले, तेव्हा मी नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात गेलो. सिस्टर आल्या, पडदा ओढला. "आबा, जरा कूस बदलू या हं." वडील चिडून वाट्टेल ते बोलले. त्यांनी शांतपणे सगळं पुसून घेतलं. मग मला हाक मारली, "काका, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. या, शिकवते." रागावल्या नाहीत. माझी लाज त्यांनी ओळखली होती.

आपल्या अंबाजोगाईत दत्तभक्त दासोपंतांची समाधी आहे, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी रुग्णालयही. समाधीला माथा टेकला की घटकाभर एखाद्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशीही बसा. सिस्टरशी दोन शब्द गोड बोला.

पोथी आपण सोवळ्यात वाचतो. तिचा अर्थ मला त्या खाटेपाशी कळला. वडिलांच्या शेवटच्या रात्री त्यांची कूस मीच बदलली. त्या सिस्टरचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

श्रीगुरुदेव दत्त!