पुराण हिरावलेल्यांसाठी पुराण

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरले तेव्हा तिशीच्या आसपास होते. मायदेशी ते पुन्हा परतले नाहीत. 1616 मध्ये राचोल येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीस्तुतीच्या ओव्या आपण अभिमानाने गिरवत आलो. परक्याचे आपल्या भाषेवर जडलेले प्रेम म्हणून त्या वाचणे सोयीचे असते. मात्र याच ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? ग्रंथाची निर्मिती या उणिवेतून होते, आणि ही उणीव निर्माण केली गेली होती. साष्टीतील देवळे स्टीफन्स येण्यापूर्वीच, 1567 मध्ये, पाडण्यात आली होती.

मग या भाषाप्रेमाचे नैतिक मूल्य कोणते? त्याला ढोंग म्हणवत नाही. ढोंगासाठी कोणी सुमारे अकरा हजार ओव्या रचत नाही. ‘संहितेपुरते पाहा’ असे म्हणून ती हिंसा समासाबाहेर ढकलणेही प्रामाणिक नव्हे, कारण ती संहितेतच आहे. मला अस्वस्थ करते ते हेच. ब्राह्मणाचा तो प्रश्न गाळणे स्टीफन्स यांना सहज शक्य होते. त्यांनी तो ठेवला, आणि तोही प्रश्नकर्त्याच्या परंपरेतल्याच ओवीत.