काळी आणि पांढर

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेनें गांवच्या जमिनीचे दोन भाग मानले आहेत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. काळी कोणासाठीं अडत नाहीं. गांव उठलें तरी शेजारच्या गांवचा नांगर येऊन तिला पिकवितो. पांढर मात्र माणसें नांदतात तोंवरच पांढर असते. आमच्या अल्लीपुराकडे, किंबहुना साऱ्या वर्धा जिल्ह्यांत, वर्धा, वणा, धाम, यशोदा या नद्यांच्या आसमंतांत हिंडणाऱ्याच्या कानीं ‘रिठ’ हा शब्द पडतो. रिठ म्हणजे उजाड झालेल्या गांवाची जागा. तिचें नांव महसुली दप्तरांत चालू असतें, भोंवतालचीं शेतें पिकत असतात; घर मात्र एकही नसतें. दप्तराच्या भाषेंत असें गांव ‘बेचिराग’ होय, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं असें.

हा दिवा विझला, याचा दोष कोणाकडे? गांव सोडून गेलेल्यांनीं भूमीशीं इमान राखलें नाहीं, हें उत्तर आपल्या ओठांवर तयार असतें. परंतु तें देण्यापूर्वीं एका फार जुन्या बेचिराग गांवाची हकीकत ध्यानांत घ्यावी.

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचें उत्खनन डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, अन्सारी, ढवळीकर प्रभृति विद्वानांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत केलें. त्यावरून असें दिसतें कीं, इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशें वर्षें, तेथें शेतकरी नांदत होते. सातू हें त्यांचें मुख्य धान्य. नदीचें पाणी वळविण्यासाठीं त्यांनीं पाट खोदला होता व बांध घातला होता. त्यांचीं घरें आधीं चौकोनी व ऐसपैस होतीं. शेवटच्या तीनशें वर्षांत मात्र त्यांच्या जागीं लहान वाटोळ्या झोंपड्या दिसूं लागतात, शेती खालावते, आणि अखेर गांव उठतें. पाऊसमान घटल्यामुळें हें झालें असावें, असा ढवळीकरांचा तर्क आहे.

या लोकांची एक चाल विलक्षण होती. ते आपले मृत घरांत किंवा अंगणांतच पुरीत. आणि प्रौढ माणसास पुरण्यापूर्वीं त्याचे पाय घोट्यापासून तोडीत. मृतानें घर सोडून जाऊं नये, हा त्यांतील हेतु असावा असें मानतात. ही चाल आपणांस क्रूर वाटेल. मला मात्र तींत एक विवेक दिसतो. ज्यांच्या पोटाला आतां अन्न लागत नव्हतें, त्यांनाच त्यांनीं घराशीं जखडलें. जिवंतांचे पाय त्यांनीं शाबूत ठेवले. ज्या भुईखालीं वाडवडील निजले होते ती सोडतांना त्या शेवटच्या कुटुंबांस कांहींच वाटलें नसेल काय? तरीही तीं गेलीं, कारण मुलांना जगवावयाचें होतें. त्यांना बेइमान म्हणण्यास माझी जीभ धजत नाहीं.

आपण नेमकें उलट करतों. अल्लीपुरास आमचें वडिलार्जित घर व थोडें शेत आहे. मी शिक्षणासाठीं बाहेर पडलों तो नोकरीच्या गांवींच स्थिरावलों. धाकटा चुलतभाऊ मागें राहिला. गांव सोडूं नये, असा उपदेश मीं त्याला कित्येक वर्षें मोठ्या कळकळीनें केला. गेल्या दिवाळींत त्यानें शांतपणें विचारलें, “दादा, तुमच्या आठवनीपाई मी आनखी किती वर्स हे घर झाडू?” मी निरुत्तर झालों. कापसाचा भाव पडे, पाऊस दगा देई, तेव्हां नुकसान त्याचें होई. आणि गांव जिवंत असल्याचें समाधान तेवढें मला मिळे. जिवंत माणसाचे पाय तोडण्याचाच हा एक सभ्य प्रकार नव्हे काय?

कोणी म्हणेल, सर्वच निघून गेले तर अन्न कोणी पिकवावें? आक्षेप खरा आहे. पण त्यांतून निघणारें कर्तव्य पिकविणाऱ्यावर नव्हे, खाणाऱ्यांवर येऊन पडतें. खेड्यांत राहणें परवडेल असा पिकाला भाव, शेताला पाणी आणि मुलांना शाळा, हें देण्यांत कुचराई करावयाची व वर इमानाच्या गोष्टी सांगावयाच्या, हा नीतीचा उपदेश नव्हे. आणि आम्हां गेलेल्यांचें कांहीं ऋणच नाहीं असेंही नव्हे. जें सोडलें तें सोडलें असें प्रांजळपणें कबूल करणें, आणि जो तेथें राबतो त्याच्या निर्णयाच्या आड न येणें, एवढें तरी तें आहेच.

मीं भावाला पत्र लिहिलें आहे: घर ठेवावें कीं विकावें हें त्यानें ठरवावें, माझी संमति गृहीत धरावी. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. उद्यां आमच्या घरीं दिवा लागला नाहीं तर मला दुःख होईल. पण तें दुःख माझें आहे, व तें मींच वाहिलें पाहिजे.