बाराशे रुपयांची सायकल

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी बालेवाडीला माझ्या सायकलचं भरपूर कौतुक झालं. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण घरी आलो तो तोंड पाडूनच. का, ते शोधायला मला बरेच महिने लागले.

आम्ही सात-आठ जण जुन्या सायकलींच्या नादाला लागलेले आहोत. कुणाकडे हंबर आहे, कुणाकडे फिलिप्स, कुणी आजोबांची हर्क्युलिस जपून ठेवलीय. पुण्यात हा नाद काही नवा नाही. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे एकदा गेलात की दोन तास कुठे जातात कळत नाही. तर आमच्यातल्या एकाने खटपट करून व्हेलोड्रोमवर तासाभराची परवानगी मिळवली होती.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. व्हेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतीचा लंबगोल ट्रॅक. वळणांवर तो वाटीच्या कडेसारखा वर उचललेला असतो. वेग असेल तर त्या उतारावर तुम्ही टिकता, नसेल तर खाली घसरता. तिथल्या खऱ्या सायकलींना ब्रेक नसतात, फ्रीव्हीलही नसतं, त्यामुळे चाक फिरतं तोवर पाय फिरवावेच लागतात. आमची सळईच्या ब्रेकची अवजड धुडं तिथे म्हणजे लग्नात बैलगाडी. आम्ही मुकाट्याने आतल्या सपाट पट्टीवरून चकरा मारल्या, आणि शेवटी शाळेच्या स्नेहसंमेलनात असायची तशी स्लो सायकलची शर्यत लावली. पाय न टेकता जो शेवटी पोचेल तो पहिला. ती मी जिंकलो.

त्यानंतर सगळे माझ्या सायकलभोवती जमले. नॉटिंगहॅमची राले, पुढे बगळ्याचा बिल्ला, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आणि त्या हबवर ठोकलेला '५२' हा आकडा. म्हणजे तो हब १९५२ सालचा. एकाने तिथल्या तिथे बावीस हजार देऊ केले. मग कुणीतरी विचारलं, "केवढ्याला मिळाली रे?"

"बाराशे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मूळचा चंद्रपूरचा. चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला जाणारा जो रस्ता वैनगंगा ओलांडतो, त्या रस्त्याच्या आत एक गाव आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे मित्राच्या घरच्या लग्नाला गेलो होतो. एका घराच्या पडवीत ही सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. मालक सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी ते तेंदूपानांच्या फडीवर मुनशी होते. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन बायाबापड्या पानं तोडून आणतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात, आणि फडीवर मुनशी ते पुडे मोजून घेतो. या फडीवरून त्या फडीवर जायला त्यांनी ही सायकल जंगल खात्यातल्या कुण्या साहेबाकडून जुनी म्हणून घेतली होती. आता गुडघे गेले होते. मुलाकडे मोटरसायकल होती.

मी हबवरचा आकडा पाहिला आणि माझी छाती धडधडायला लागली. गावात नेटवर्क नव्हतं. मी "आलोच" म्हणून मालगुजारी तलावाच्या पाळीवर गेलो, तिथे दोन काड्या आल्या. फोनवर किमती बघितल्या. परत आलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, देता का ही?"

ते म्हणाले, पंधराशे द्या. मी घासाघीस करून बाराशेवर आणलं.

एवढंच असतं तर कदाचित हा लेख मी लिहिलाच नसता. पण पैसे मोजताना त्यांनी मला विचारलं होतं, "तिकडं शहरात कोणी घेते का हो असली सायकल?" आणि मी म्हणालो होतो, "भंगारातच जाते काका. मला आपली हौस आहे म्हणून."

पुण्यातल्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते तकलादू नाही. तो म्हणाला, किंमत त्यांनी स्वतः सांगितली, तू जबरदस्ती केली नाहीस. भंगारवाल्याने किलोवर घेतली असती, सहाशेही आले नसते. ते बावीस हजार पुण्यात आहेत, त्या पडवीत नाहीत, तू सायकल तिथून इथे आणलीस म्हणून ते जन्माला आले. शिवाय हबवरचा आकडा वाचायला तू पाच वर्षं शिकलास, त्या शिकण्याचं मोल नको का? आणि प्रत्येक गिऱ्हाईक जर विकणाऱ्याला सांगत बसलं, "बाबा रे, तू स्वस्तात देतोयस", तर जगातला बाजार उठेल.

हा वाद फार जुना आहे. रोमन वक्ता सिसेरोने इसवीसनपूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, धान्याला सोन्याचा भाव आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याने वाटेत पाहिलंय. बेटावरच्यांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं?

सिसेरो इथे दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर आणतो, बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर. गुरू म्हणतो, मालातला दोष कायद्याने सांगायचा तेवढा सांगावा, खोटं बोलू नये, बाकी भाव मिळेल तो घ्यावा. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. शिष्य म्हणतो, तू माणसांच्या हितासाठी जन्मलास, मग त्यांच्या हिताची गोष्ट त्यांच्यापासून कशी दडवतोस? सिसेरो शिष्याची बाजू घेतो. त्याचं म्हणणं साधारण असं : समोरच्याला जे जाणून घ्यायला आवडेल, ते तुझ्या फायद्यासाठी त्याला कळू नये अशी तुझी इच्छा असेल, तर त्यालाच लपवणं म्हणतात.

मित्राचा बचाव डायोजिनीसच्या वळणाचा आहे. पण गंमत बघा, मी तर डायोजिनीसच्या परीक्षेतही नापास होतो. मला विचारलं गेलं होतं, आणि मी खोटं बोललो होतो.

समजा, त्यांनी विचारलंच नसतं. मी नुसता गप्प राहिलो असतो. तेव्हा मी मोकळा असतो का? माझा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर मला व्हेलोड्रोमनेच सुचवलं.

ट्रॅकवरच्या स्प्रिंट शर्यतीचा व्हिडिओ कधी बघा. सुरुवातीला दोन्ही स्वार मुंगीच्या गतीने चालतात, कधी कधी तर जागेवर तोल सांभाळत उभे राहतात. कारण पुढे कुणालाच जायचं नसतं. मागच्याला पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो, आणि मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागे काय चाललंय ते मान वळवल्याशिवाय दिसत नाही. मागचा नेमका क्षण साधून झेप घेतो. त्याच्याकडे जास्त माहिती आहे, तिचा तो फायदा उठवतो, आणि त्याला कुणी लबाड म्हणत नाही. कारण दोघेही शर्यतीत आपणहून उतरलेत, दोघांनाही नियम पाठ आहेत.

पडवीतल्या माणसाला शर्यत चालू आहे हेच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी घरी पाहुणा आला होता, त्याला पाणी दिलं होतं, नको असलेली वस्तू त्याला आवडली म्हणून देऊन टाकली होती. दोन व्यापारी एकमेकांना फसवू बघतात तेव्हा तो खेळ असेल. इथे खेळणारा मी एकटाच होतो.

मग "पाच वर्षं शिकलो" याचं काय? सायकलच्याच जगातलं एक उदाहरण देतो. एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापता येतं, हा एक नामांकित विक्रम आहे. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले. पुढे खास आकाराच्या सायकली आल्या, बसायच्या नव्या पद्धती आल्या, आणि १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमन ५६.३७५ किलोमीटरवर पोचला. मग आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ठरवलं की तुलना मर्क्सच्या धाटणीच्या साध्या सायकलवरच व्हावी. २००० मध्ये बोर्डमन तशा सायकलवर बसला. अंतर भरलं ४९.४४१ किलोमीटर, मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त. जवळपास सात किलोमीटरची आघाडी निव्वळ यंत्राची आणि बैठकीची होती.

माझ्या शहाणपणातूनही फोन, इंग्रजी आणि पुण्यातलं मित्रमंडळ वजा केलं तर काय उरतं? दहा मीटर उरतील, त्यांचं मोल मी जरूर घ्यावं. सायकल धुतली, नवे टायर घातले, पुन्हा निकेल चढवलं, आठ हजार खर्च आला, तेही वजा करा. बावीस हजारांतून आठ हजार आणि बाराशे गेले की बारा हजार आठशे राहतात. त्यातले बरेचसे पैसे मी कुठे जन्मलो आणि तलावाच्या पाळीवर माझ्या खिशात काय होतं, याचे आहेत.

आमच्या जंगलपट्टीत हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. मिठाच्या बदल्यात चारोळी नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात. दोन्ही बाजू राजी असायच्या, तेव्हाही कुणी जबरदस्ती करत नव्हतं. त्या व्यापाऱ्यांना मी लहानपणापासून लुटारू म्हणत आलो. म्हणूनच धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा मला मोठं वाटतं. त्या गावाने अभ्यासगट चालवले, कायदे समजून घेतले, २००९ मध्ये २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. कुणीतरी येऊन खरा भाव सांगेल, याची त्यांनी वाट पाहिली नाही. पण सगळ्या पडव्यांत अभ्यासगट पोचेपर्यंत, पाळीवर जाऊन आलेल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

माझं उत्तर असं आहे : समोरचा खेळात नसेल, तर मला जे ठाऊक आहे त्यातलं जे त्याचा निर्णय बदलेल, ते मी सांगायला हवं. त्यानंतर घासाघीस करावी, हरकत नाही. याने बाजार उठत नाही. फार तर माझी सायकल मला बाराशेला न मिळता पाच-सहा हजारांना मिळाली असती, आणि तरीही ती मी घेतली असती.

सायकल मी विकली नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा पाच हजार रुपये घेऊन त्या पडवीत गेलो. काय झालं ते सगळं सांगितलं, बालेवाडीचंही. गोल गोल फिरून परत तिथंच येणाऱ्या रस्त्यावर चालवली, हे ऐकून ते पोट धरून हसले. मग पैसे त्यांनी नोटेनोट मोजले, मुनशी मोजतो तसे, आणि बनियनच्या खिशात ठेवले.

थोडा वेळ गेला. चहा आला. बशीत ओतता ओतता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं,

"म्हणजे तवाच मालूम होतं तुमाले?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांचे पुडे मोजलेला माणूस होता तो. मोजणाऱ्याला काय काय ठाऊक असतं आणि तो कुठे गप्प बसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. पाच हजारांनी किमतीतला फरक थोडाफार भरून निघाला. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा 'हो' सोडून काही नव्हतं, आजही नाही.