दोघी येतात, दोघी जातात

आमगावला महालक्ष्म्यांची पंगत उठली आणि आम्ही दोघी बहिणी भांडी आवरायला बसलो. ताई म्हणाली, "तुझी ती जेन ऑस्टिन वाचली. दोन बहिणी, त्यांची लग्नं, बस एवढंच?" १८११ सालची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही कादंबरी मीच तिला दिली होती. मला ती हसवते. ताईला हलकी वाटली. शेजारच्या काकूंचं मत तिसरंच: "बहिणी एकमेकींना उशिराच समजतात, बापा."

मग मला प्रश्न पडला, नातं जन्मानं मिळतं की मिळवावं लागतं? राखी भावाची, भाऊबीजही भावाची. बहिणीसाठी बहिणीचा सण नाहीच, असं मी धरून चालले होते. पण समोरच ज्येष्ठा-कनिष्ठा, महालक्ष्म्या म्हणजे दोघी बहिणीच, उभ्या होत्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. आंबील आणि पुरण दोघींना एकत्रच. आमच्याकडे एकटीला कोणी बसवत नाही.

माझ्यापुरतं उत्तर असं: जन्म फक्त शेजारी बसवतो. जवळ यायला मात्र एकत्र हसावं लागतं. म्हणून हसवणारं पुस्तक हलकं नसतं.

ताईनं ते अजून परत केलेलं नाही.