मला काय येतंय?

उदगीरसारख्या गावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच शिकवली जाते. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढं म्हटलं की विषय संपतो. मग हाच माणूस, आणि बऱ्याचदा हीच बाई, पंचेचाळिशीत पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीला जाते. समोरचे साहेब विचारतात, “स्वतःबद्दल सांगा.” आयुष्यभर जे वाईट म्हणून टाळलं, तेच आता पाच मिनिटांत करून दाखवायचं असतं.

अशा वेळी आपण तरुण मंडळी एकच सल्ला देतो, “कॉन्फिडन्स ठेव.” जणू तो कपाटात ठेवलेला असतो आणि चावी फक्त सापडत नसते. पण मला दोन प्रश्न पडतात. या माणसांकडे आत्मविश्वास खरंच नसतो का? आणि नसेल, तर तो आणायची जबाबदारी एकट्या त्यांचीच आहे का?

आमच्याकडचं एक चित्र बघा. दहावी झाली की लेकरू लातूरला क्लासला जातं. मेसचं जेवण मानवत नाही, म्हणून आई भाड्याची खोली घेऊन दोन वर्षं सोबत राहते. पहाटेचा डबा, टेस्टचे मार्क, घरमालकाशी बोलणी, मधेच उदगीरला येऊन सासूची औषधं. लेकराचा नंबर लागला की ते पुढं निघून जातं आणि आई गावी परत येते. घर रिकामं, वय चव्वेचाळीस, हातात वीस वर्षांपूर्वीची बी.ए.ची पदवी.

माझ्या एका मावशीचं असंच झालं. एका वसतिगृहात व्यवस्थापिकेची जागा निघाली होती. फॉर्म भरायला ती माझ्याजवळ बसली. ‘अनुभव’ या रकान्यापाशी आल्यावर म्हणाली, “निरंक लिही.”

“निरंक कसं?”

“मग काय लिहितोस? मला काय येतंय?”

ही मावशी बचत गटाची सचिव आहे. गटातल्या एका बाईचं कर्ज अडलं होतं, तेव्हा ती तीनदा बँकेत गेली आणि तिसऱ्या वेळी कागद मंजूर करूनच उठली. दहा बायकांचा हप्ता, व्याज, थकबाकी तिला तोंडपाठ असते. साहेबांसमोर तिचा आवाज कापत नाही. कापतो कधी, तर वाक्य ‘आमच्या गटासाठी’ऐवजी ‘माझ्यासाठी’ असं असलं की.

माझ्या मते खरी गोम इथं आहे. या माणसांकडे हिंमत भरपूर असते. ती स्वतःसाठी खर्च करायची परवानगी मात्र त्यांना कुणी दिलेली नसते, आणि त्यांनी स्वतःही घेतलेली नसते. दुसऱ्यासाठी मागणं म्हणजे सेवा, स्वतःसाठी मागणं म्हणजे हाव, हा हिशोब इतका मुरलेला असतो की तो हिशोब आहे हेही कळत नाही.

पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट या ठिकाणी आठवते. जन्म १८७०चा. तरुणपणी वैधव्य आलं, पदरात मुलगा. त्यांची बहीण आनंदीबाई ही धोंडो केशव कर्वे यांची पत्नी. त्या आधारानं पार्वतीबाई शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमात कामाला लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. इंग्रजी येत नाही, ही अडचण त्यांना सतत जाणवायची. १९१८ साली, वयाच्या ४८व्या वर्षाच्या आसपास, त्या इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या. तिथं पोट भरण्यासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं. १९२०मध्ये परत आल्या आणि पुढं ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं.

यातून ‘वय हा फक्त आकडा आहे’ असला स्टेटस काढायचा मोह होतो. मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, आत्मविश्वास आधी आला आणि मग त्या निघाल्या, असं झालेलं दिसत नाही. आधी काम होतं, कामासाठी इंग्रजी हवं होतं, म्हणून त्या निघाल्या. दुसरी, त्यांच्या पाठीशी बहीण होती, कर्वे होते, एक संस्था होती. ‘तू हे करू शकतेस’ असं आधी दुसऱ्यांनी मानलं होतं. आत्मविश्वास या शब्दात ‘आत्म’ असला, तरी त्याचं भांडवल बऱ्याचदा उसनं असतं. ज्याला ते कुणीच दिलं नाही, त्याला ‘तुझ्यात कॉन्फिडन्स नाही’ म्हणणं म्हणजे कर्ज नाकारून वर गरिबीबद्दल टोमणा मारणं.

पण विनयाचं काय? स्वतःबद्दल चांगलं बोलणं ही बढाईच ना? अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात याचा विचार केला आहे. आपली योग्यता आहे त्याहून जास्त समजणारा माणूस चुकतो, तसाच कमी समजणाराही चुकतो, असं त्याचं म्हणणं. किंबहुना दुसरा दोष जास्त आढळतो आणि जास्त वाईटही, कारण त्यापायी माणूस चांगल्या कामापासून मागं राहतो.

मी याच्यात एक भर घालेन. कौतुक आणि साक्ष या वेगळ्या गोष्टी आहेत. “मी फार कर्तबगार आहे” हे कौतुक. “नऊ वर्षं दहा जणींचा हिशोब ठेवला आणि एकही हप्ता चुकू दिला नाही” ही साक्ष. साक्षीत विशेषण लागत नाही, क्रियापद आणि आकडा लागतो. आणि जे खरोखर केलं त्यासमोर ‘निरंक’ लिहिणं हा विनय नाही, ती चुकीची नोंद आहे. मावशीच्या रकान्यात आम्ही शेवटी सहा ओळी लिहिल्या. सगळ्या खऱ्या, सगळ्या तपासता येण्यासारख्या.

ती जागा तिला मिळाली नाही. एका तरुण मुलीला मिळाली, आणि कदाचित ती योग्यही असेल. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा लेखांच्या शेवटी नोकरी लागतेच, आणि मग ज्यांना लागत नाही त्यांना वाटतं की आपलाच विश्वास कमी पडला. काही दारं खरोखरच बंद असतात. राज्य सरकारच्या नोकरीसाठी खुल्या गटाची सर्वसाधारण वयोमर्यादा २०१६मध्ये ३३ची ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ४३. अंगणवाडी सेविकेच्या अलीकडच्या भरतीत मर्यादा ३५, विधवांसाठी ४०. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं कितीही हिंमत बांधली तरी ऑनलाइन फॉर्म जन्मतारखेपाशीच अडतो. तिथं दोष नियमाचा आहे, आणि तो नियमाच्याच नावावर मांडला पाहिजे. नकार हे एका जागेबद्दलचं उत्तर असतं, माणसाच्या किमतीबद्दलचं नसतं.

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही मुलाखती घेतो. रेझ्युमेमध्ये मोकळी वर्षं दिसली की विचारलं जातं, “हा गॅप का?” प्रश्नातच निकाल असतो. त्याऐवजी “या वर्षांत तुम्ही काय सांभाळलंत?” असं विचारता येतं. माहिती तेवढीच मिळते, किंबहुना जास्त. समोरच्याला उसनं भांडवल द्यायला मुलाखत घेणाऱ्याचा एक पैसाही खर्च होत नाही. ज्याच्या हातात निवड आहे, त्याच्यावर एवढी नैतिक जबाबदारी नक्कीच येते, असं मला वाटतं.

आणि हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्या तुमच्या हातात दुसरं एक काम आहे. आई, काकू, किंवा कंपनी बंद पडून घरी बसलेले बाबा कधीतरी सहज विचारतील, “ते फॉर्मचं काय असतं रे?” ओटीपी टाकून दोन मिनिटांत भरून देऊ नका. शेजारी बसा, अनुभवाच्या रकान्यापाशी थांबा आणि गेल्या वीस वर्षांत काय काय केलं ते त्यांना विचारा. त्या सांगतील, “काही नाही गं.” पुन्हा विचारा. मग जे बाहेर येईल, ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.